आनीच्या रात्रीचा नटराज

चेन्नईच्या एग्मोर भागात, पँथिऑन रोडवरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात कांस्यमूर्तींचं स्वतंत्र दालन आहे. तिरुवालंगाडूचा नटराज तिथे आहे. उंची जेमतेम चार फूट, काळ अकरावं-बारावं शतक, काम चोळमंडळातल्या ओतारींचं. उजवा पाय अपस्मार या बुटक्या दैत्याच्या पाठीवर रोवलेला, डावा पाय उचलून अंगासमोरून आडवा नेलेला, चार हात चार दिशांना. नटराजाचं रूप जगभर पोचलं त्यात या मूर्तीच्या छायाचित्रांचा वाटा फार मोठा. फ्रेंच शिल्पकार रोदँ कधी भारतात आला नव्हता. मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाची छायाचित्रं पाहून तो इतका भारावला की त्यांवर त्याने टिपण लिहिलं. ते छापून आलं १९२१ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

मूर्तीचा अर्थ सांगणारंही पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आनंद कुमारस्वामींचं ‘द डान्स ऑफ शिवा’ हे पुस्तक १९१८ साली आलं. तेव्हापासून डमरू म्हणजे उत्पत्ती, अभयहस्त म्हणजे पालन, अग्नी म्हणजे संहार, रोवलेला पाय म्हणजे तिरोभाव आणि उचललेला पाय म्हणजे अनुग्रह ही पंचकृत्यं सुशिक्षितांच्या तोंडी बसली. ते सगळं खरं आहे आणि शैव सिद्धांताला धरून आहे. पण अर्थ पाठ असला की डोळे आळशी होतात. हात दिसला की ‘संहार’ म्हणायचं आणि पुढच्या काचेकडे वळायचं, असं होतं. ही मूर्ती विशिष्ट प्रसंगांसाठी ओतलेली आहे. पुजाऱ्यांनी न्हाऊ घालण्यासाठी, नटवण्यासाठी, खांद्यावर घेऊन गावभर नाचवण्यासाठी. त्यातला सर्वांत मोठा प्रसंग वर्षातून दोनदा येतो, एकदा मार्गळीच्या थंडीत आणि एकदा उन्हाळ्याच्या टोकाला, आनी महिन्यात. आनीची ती रात्र मनात धरून मूर्ती पाहिली की तिच्यातली एकेक रेषा वेगळी दिसू लागते.

आधी नुसती मूर्ती पाहू. सुरुवात गुडघ्यापासून करावी. रोवलेल्या पायाचा गुडघा वाकलेला आहे. तो ताठ असता तर वरचं शरीर कितीही वळवलं तरी मूर्ती उभीच वाटली असती. वाकल्यामुळे सगळं वजन त्या सांध्यात उतरलं आहे आणि आता पुन्हा वर उसळणार आहे, असा तो क्षण. कपाळाच्या मध्यावरून ओळंबा सोडला तर तो या पायाच्या आसपासच येतो. त्या एका सरळ रेषेच्या भरवशावर बाकीचं सगळं शरीर तिच्यापासून दूर जायला मोकळं झालं आहे. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, पाय तिसरीकडे.

मग पुढचा डावा हात. खांद्यापासून निघून तो छातीवरून आडवा येतो आणि मनगटापाशी हत्तीच्या सोंडेप्रमाणे खाली लोंबतो. शिल्पशास्त्रात याला गजहस्त म्हणतात. हा हात उचललेल्या पायाकडे बोट दाखवतो, एवढं सगळ्या मार्गदर्शक पुस्तकांत असतं. पण हात आणि पाय मिळून काय करतात ते जरा बघावं. दोघेही डावीकडून उजवीकडे जातात, एक वर, एक खाली, जवळजवळ समांतर. या दोन आडव्या रेषांच्या मधे पोटाचा मऊ, किंचित पुढे आलेला भाग आहे. इतक्या वेगवान हालचालीच्या मधोमध एवढी निवांत जागा ठेवायची हे ओतारीला सुचलं, यात त्याची सगळी ताकद कळते. चेहऱ्यावर तीच निवांतता आहे. गालावर ताण नाही, ओठांवर हसू म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. शरीर नाचतं आणि चेहरा ते नाचणं पाहतो.

नटराजाच्या बहुतेक मूर्तींत गती दाखवायची दोन हुकमी साधनं असतात. दोन्ही बाजूंना उडणाऱ्या जटा आणि भोवती ज्वाळांची प्रभावळ. तिरुवालंगाडूच्या या मूर्तीत दोन्ही नाहीत. प्रभावळ काळाच्या ओघात गेली, आणि जटा मुळातच आवरून वर बांधलेल्या आहेत. त्यामुळे गती दाखवण्याचा सगळा भार एकट्या शरीरावर आला, आणि शरीराने तो पेलला. प्रभावळ गेल्याने आणखी एक झालं. विश्वाचा वणवा गळून पडला आणि आग उरली ती फक्त मागच्या डाव्या तळहातावर. नजर त्या हाताकडे जाते, तिथून समोरच्या डमरूकडे, तिथून परत. वर्तुळ नसलं तरी डोळा ते पुरं करतो.

मराठी माणसाला नाचणारा शिव नवा नाही. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, तो अनेक हातांनी नाचतो आणि भोवती वादक बसलेले असतात. घारापुरीच्या लेण्यातला भंगलेला नृत्यशिवही आपण पाहिलेला असतो. पण ते शिव डोंगराच्या पोटातून अर्धे बाहेर आलेले आहेत. त्यांची पाठ कातळात आहे, त्यांना जागा सोडता येत नाही. आपण त्यांच्याकडे जायचं. एग्मोरच्या नटराजाला भिंत नाही. त्याला पाठ आहे, आणि ती पाहायला मिळाली तर सोडू नये. कण्याची पन्हळ कमरेपाशी कशी वळते आणि वळताना दोन्ही खांद्यांचा तोल कसा सावरते, ते मागूनच कळतं. सगळीकडून घडवलेली मूर्ती सगळीकडून दिसणार हे ठरलेलं असतं. भिंतीपुढे ठेवायच्या मूर्तीची पाठ इतक्या मायेने कुणी घडवत नाही.

आता उत्सवाकडे. तमिळ पंचांगातला आनी महिना जूनच्या मध्यावर सुरू होऊन जुलैच्या मध्यावर संपतो. पंचांगाच्या हिशेबात हा उत्तरायणाचा शेवटचा महिना. त्यात उत्तिरम्, म्हणजे आपलं उत्तरा फाल्गुनी नक्षत्र येतं, त्या दिवशी नटराजाचं आनी तिरुमंजनम् असतं. तिरुमंजनम् म्हणजे महाभिषेक. नटराजाला वर्षातून सहाच अभिषेक, आणि त्याचा हिशेब मोठा सुंदर आहे. माणसांचं वर्ष हा देवांचा एक दिवस. मंदिरात रोज ज्या सहा वेळच्या पूजा होतात, त्या या मोठ्या दिवसात वर्षभर पसरून येतात. मार्गळी म्हणजे देवांची पहाट, चित्तिरै म्हणजे माध्यान्ह, आनी म्हणजे तिन्हीसांज. यानंतर दक्षिणायन लागणार, देवांची रात्र सुरू होणार. म्हणून रात्र पडण्याआधी त्याला न्हाऊ घालायचं.

सूर्य उत्तरेच्या टोकाला पोचून वळतो तो काळ जगभरच्या माणसांना जागं ठेवतो. युरोपात २४ जूनच्या संत जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री डोंगराडोंगरांवर होळ्या पेटतात. पिरेनीज पर्वतातल्या अशा अग्निउत्सवांना युनेस्कोने २०१५ साली वारशाच्या यादीत घेतलं. इटलीच्या ईशान्य भागात, आल्प्समध्ये, कार्निया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या काही खेड्यांत लाकडाच्या चकत्या आगीत लाल करून, कुणाचं तरी नाव घेऊन, काळोखात उतारावरून भिरकावतात. उंच थंड प्रदेशात उन्हाचे दिवस मोजके. सूर्य वळतो म्हणजे हातातलं सुख आता आटणार. त्याला आपल्याकडूनही थोडी आग द्यावी, असं तिथल्या माणसाला वाटलं तर नवल नाही.

हाच संत जॉन गोव्यात आला आणि पाण्यात शिरला. २४ जूनला सांजांव येतो तेव्हा गोव्यात पाऊस लागलेला असतो, विहिरी भरत असतात. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून तरुण विहिरींत उड्या मारतात. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. तारीख तीच, संत तोच. भूमीने विधी बदलून घेतला.

तमिळनाडूत, नटराजाचं मुख्य मंदिर असलेल्या चिदंबरममध्ये तिसरंच घडतं. तमिळ किनाऱ्याला मृगाच्या सरी नाहीत. त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईशान्येकडून यायचा. जूनमध्ये आपल्याकडे छत्र्या उघडतात तेव्हा चेन्नईत दुपारी रस्ता तापलेलाच असतो. अशा दिवसांत तिथले लोक, ज्याच्या हातात आग आहे आणि ज्याच्याभोवती आगीचं कडं आहे त्या देवाला, रात्रभर जागून, गार पाण्याने, दुधाने, चंदनाने न्हाऊ घालतात. आल्प्सच्या माणसाने सूर्याला आग दिली, तमिळ माणसाने आगीला गारवा दिला. दोघांनीही सूर्याच्या त्या वळणाची दखल घेतली आणि आपापल्या हवेला जे साजेल ते केलं.

हा उत्सव दहा दिवसांचा. नवव्या दिवशी रथ निघतात, एकूण पाच. गणपती, मुरुगन, नटराज, त्याची देवी शिवकामसुंदरी आणि चंडिकेश्वर. बहुतेक देवळांत गाभाऱ्यातली दगडी मूर्ती जागची हलत नाही, मिरवणुकीला तिची धातूची उत्सवमूर्ती जाते. चिदंबरममध्ये तसं नाही. गाभाऱ्यातला नटराज हाच रथातला नटराज. चित्सभा, म्हणजे आपला गाभारा, सोडून तो स्वतः रस्त्यावर येतो. वर्षातून दोनदा आत देवच नसतो, कारण तो बाहेर लोकांत असतो. चार रथवीथींतून फिरून संध्याकाळी रथ जागेवर येतात, आणि नटराज व शिवकामसुंदरी राजसभेत, म्हणजे हजार खांबांच्या मंडपात, नेले जातात. रात्री तिथे लक्षार्चना होते. लोक मंडपात, पायऱ्यांवर, प्राकारात जागा मिळेल तिथे टेकतात. मुलं आयांच्या मांडीवर झोपतात, म्हाताऱ्या माणसांना मधे वाट करून दिली जाते.

पहाटेच्या अंधारात अभिषेक सुरू होतो. दूध, दही, मध, उसाचा रस, शहाळ्याचं पाणी, विभूती, चंदन. एकेक द्रव्य घागरीघागरींनी. इथे ओतारीचं काम दिव्यांच्या उजेडात पुन्हा एकदा तपासलं जातं. माथ्यावर ओतलेलं दूध कपाळावरून उतरतं, खांद्यावर फुटतं, आणि त्याचा एक ओघ पुढच्या आडव्या हातावरून वाहत जाऊन लोंबत्या बोटांच्या टोकाशी धार धरतो. ती धार उचललेल्या पायाच्या दिशेने पडते. एग्मोरमध्ये नजर ज्या वाटेने गेली होती, त्याच वाटेने इथे दूध जातं. शरीराचे उतार इतके अचूक आहेत की द्रव कुठेही उगाच साचत नाही. मग विभूती येते आणि काळसर धातू पांढराफटक होतो. डोळे, नाक, ओठ सगळं त्या पांढऱ्यात बुडून फक्त आकार उरतो. त्यावर पाणी, आणि चेहरा पुन्हा वर येतो. चंदन येतं, सगळं अंग पिवळं होतं. पुन्हा पाणी. तिरोभाव आणि अनुग्रह, झाकणं आणि उघडणं, ही पंचकृत्यांतली समजायला सर्वांत अवघड दोन. त्या मंडपात ती शेवटच्या रांगेतल्या अडाणी म्हातारीलाही डोळ्यांनी दिसतात.

अभिषेकानंतर अलंकार. रेशीम, दागिने, हारांवर हार. देव इतका नटतो की शरीर जवळजवळ नाहीसं होतं. दिसतो तो चेहरा, दिसतो अभयाचा हात आणि दिसतो उचललेला पाय. आणि दुपारी, सगळे ज्यासाठी थांबलेले असतात ते घडतं. नटराज आणि शिवकामसुंदरी राजसभेतून निघून चित्सभेकडे परततात. नागस्वरम् आणि तविलवर मल्लारी वाजते. मल्लारीला शब्द नसतात, बहुधा गंभीरनाट रागात ती बांधलेली असते आणि देव बाहेर निघाला की वाजते. खांदेकरी चार पावलं पुढे जातात, दोन मागे येतात, डावीकडे झुलतात, उजवीकडे झुलतात. खांद्यावरचा देव नाचतो.

वाकलेला गुडघा त्या झुलण्यात पुरा होतो. एग्मोरमध्ये तो उसळण्याच्या बेतात थांबलेला दिसला होता. इथे खांदेकऱ्यांच्या पावलांनी तो खरोखर उसळतो. चोळकालीन उत्सवमूर्तींच्या पीठांना दांडे घालायला भोकं किंवा कड्या असतात. संग्रहालयात त्यांकडे फारसं कुणी पाहत नाही, पण माझ्या मते नटराजाचं शिल्प त्यांच्यापाशी सुरू होतं. ओतारीला ठाऊक होतं की ही मूर्ती माणसांच्या डोक्यांवरून, खालून वर पाहणाऱ्या गर्दीला, हलत्या उजेडात, हलताना दिसणार आहे. म्हणून त्याने तोल एका पायावर पेलला आणि तरी भरीव ओतून वजन खाली ठेवलं. नाच अर्धा त्याने धातूत घडवला, अर्धा खांदेकऱ्यांवर सोपवला.

ओतकामही आगीचंच. आधी मेणात राळ मिसळून पूर्ण मूर्ती घडवायची, तिच्यावर नदीच्या गाळाच्या मऊ मातीचे थर चढवायचे, वाळवायचे, मग तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. एका साच्यातून एकच मूर्ती निघते, कारण ती बाहेर काढायला साचा फोडावा लागतो. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ही रीत दिली आहे. कुंभकोणमजवळ स्वामिमलैचे स्थपती आजही कावेरीच्या मातीत अशाच मूर्ती ओततात. मेणाची मूर्ती आगीत जाते तेव्हाच तिची जागा घेणारी धातूची मूर्ती येते. हातात आग घेऊन नाचणाऱ्या देवाला याहून योग्य जन्म कुठला?

या उत्सवाच्या इतिहासात एक जागा आपलीही आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर दक्षिणेत धामधूम माजली तेव्हा चिदंबरमचा नटराज लपवून दूर नेला गेला. १६४८ ते १६८६, जवळजवळ ३८ वर्षं, चित्सभा रिकामी होती. त्या काळात आनी आली आणि गेली, आणि राजसभेत न्हाऊ घालायला देव नव्हता. १६७७ साली शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि त्या मुलखात मराठ्यांचा अंमल बसला. नटराजाच्या पुनःप्रतिष्ठेविषयीच्या ताम्रपटांत संभाजी राजांचं नाव येतं. पुढे दीडशेहून अधिक वर्षं तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं आणि आजही तमिळनाडूत तंजावरी मराठी बोलणारी घरं आहेत. आनी तिरुमंजनम् मराठी वाचकाला परका उत्सव वाटायचं कारण नाही. तो खंडित झाला होता आणि पुन्हा जोडला गेला, त्यात आपल्या माणसांचा हात होता.

तिरुवालंगाडू स्वतः चेन्नईपासून फार लांब नाही, अरक्कोणमच्या रेल्वेमार्गावर आहे. नटराजाच्या पाच सभांपैकी तिथली रत्नसभा. तिथे शिवाने कालीशी नृत्याची पैज लावली आणि पाय थेट आकाशाकडे उचलून ती जिंकली, अशी कथा आहे. कारैक्काल अम्मैयार ही संत कवयित्री तिथेच त्याच्या पायाशी नृत्य पाहत राहिली. एग्मोरच्या मूर्तीत मात्र तो ऊर्ध्वतांडव नाही; तो चिदंबरमचा आनंदतांडव आहे, नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी भुजंगत्रासिताशी जुळणारा. पैजेचा पाय स्वतःच्या गावी राहिला आणि आनंदाचा पाय शहरात आला.

संग्रहालयात आल्याने मूर्तीने गमावलं ते उघड आहे. तिला पाणी नाही, फूल नाही, खांदा नाही. पण तिथे जे मिळतं ते उत्सवात कुणालाच मिळत नाही, हेही तितकंच खरं. रेशमाखाली आणि हारांखाली चिदंबरमच्या गर्दीला जे शरीर एरवी दिसत नाही, ते इथे पूर्ण दिसतं. शतकानुशतकं जे इतक्या जवळून फक्त स्थपतीने आणि पुजाऱ्याने पाहिलं, ते आता कुणीही तिकीट काढून पाहू शकतो. हात जोडणारेही दालनात दिसतात, वहीत रेखाटन करणारेही दिसतात. दोघेही बरोबर आहेत.

म्हणून जून-जुलैत चेन्नईला जाणाऱ्याला माझं सांगणं आहे. आनी उत्तिरम् कधी येतं ते पंचांगात पाहून ठेवा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तो वार टाळा. आधी एग्मोरला तिरुवालंगाडूच्या नटराजापुढे सावकाश थांबा. गुडघा, आडवा हात, पाठ, सगळं डोळ्यांत भरून घ्या. मग जवळच्याच एग्मोर स्टेशनवरून चिदंबरमची गाडी धरा. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे राजसभेत रात्र जागून अभिषेक आणि दुपारचं परतणं पाहा. रेशमाखाली शरीर कसं आहे ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि ते शरीर कशासाठी तसं घडवलं ते खांदेकरी सांगतील. फक्त शिल्प पाहणाऱ्याला नटराज अर्धा भेटतो, फक्त उत्सव पाहणाऱ्यालाही अर्धाच. चोळांच्या त्या ओतारीने तो दोन्हीकडे मिळून पुरा होईल असाच घडवला होता, आणि त्याच्या कामाला न्याय द्यायचा तर त्याने आखलेली ही वाट चालायला हवी.